बहुपुटी किडनी: आकडा नेमका कोणता?

नागपुरात मे महिन्यात कंबरेतून कळ निघाली की माणसाला आधी मुतखडाच आठवतो, आणि बहुतेकदा त्याचा अंदाज बरोबरही ठरतो. पण धंतोलीतल्या एखाद्या सोनोग्राफी केंद्रात पोटावर गार जेल लावून प्रोब फिरवला, की क्वचित पडद्यावर निराळेच चित्र उमटते. दहा-अकरा सेंटीमीटर लांबीची असायला हवी ती किडनी सतरा-अठरा सेंटीमीटरपर्यंत वाढलेली असते, तिच्यात लहानमोठ्या काळ्या गोल पोकळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, आणि दुसऱ्या बाजूची किडनीही तशीच निघते. मग डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला किडनीचा त्रास होता का?" अशा वेळी मिळणारे उत्तर साधारण एकाच साच्याचे असते: "नाही, बाबा बीपीनं गेले."

हा आजार लोकसंख्येत किती जणांना असतो, या प्रश्नाची सगळी गुंतागुंत त्या एका उत्तरात आहे.

याचे नाव बहुपुटी किडनी विकार, म्हणजेच पॉलिसिस्टिक किडनी; पडद्यावरच्या त्या काळ्या पोकळ्या म्हणजे किडनीत वाढत जाणाऱ्या पाण्याच्या गाठी. (नाव ऐकून अनेकांना पीसीओडी आठवतो, पण तो बीजांडकोशांशी संबंधित असून त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) पाठ्यपुस्तकांत त्याचे प्रमाण 'चारशे ते हजारात एक' असे वर्षानुवर्षे छापले गेले. या आकड्याचे मूळ शोधत गेल्यास आपण डेन्मार्कला पोहोचतो. तिथे डालगार्ड या डॉक्टरांनी २८४ रुग्ण आणि त्यांची कुटुंबे अभ्यासून १९५७ मध्ये जो अंदाज मांडला, तो एखाद्याला आयुष्यभरात हा आजार होण्याच्या शक्यतेचा होता. आज जिवंत असलेल्यांपैकी किती जणांचे निदान झाले आहे, हा प्रश्नच वेगळा आहे. युरोपातल्या नोंदी तपासून अलीकडे तो सोडवला, तेव्हा उत्तर दहा हजारांत पाचाहूनही कमी आले. त्यानंतर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारो लोकांच्या जनुकीय माहितीतच दोष शोधले गेले, आणि प्रमाण पुन्हा दहा हजारांत सुमारे नवांवर, म्हणजे जवळपास हजारात एकावर गेले.

२०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. तिला हीच प्रमाणे लावून पाहिली, तर चारशेत एक धरल्यास ६,००० माणसे होतात, हजारात एक धरल्यास २,४००, आणि दहा हजारांत पाच धरल्यास जेमतेम १,२००. अर्थात हा नुसता हिशेब आहे, इथली मोजणी नव्हे. मात्र मोजायचे कुणाला हे ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो, हे त्यावरून लक्षात यावे.

निदान झालेले आणि दोष बाळगणारे यांच्यात एवढी तफावत पडण्याचे कारण जनुकांत आहे. बहुतेक रुग्णांत दोष सोळाव्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ या जनुकात असतो, तर थोड्या रुग्णांत चौथ्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-२ मध्ये. पीकेडी-१ मधला दोष तीव्र असेल तर पन्नाशी-साठीच्या सुमारास डायलिसिसची वेळ येऊ शकते. पीकेडी-२ मध्ये गाठी इतक्या सावकाश वाढतात की कित्येक जण सत्तरी ओलांडून दुसऱ्याच कारणाने जातात, आणि त्यांच्या किडन्या कुणी कधी पाहिलेल्याच नसतात. शिवाय गाठी वाढू लागल्या की रक्तदाब बऱ्याचदा किडनीचे काम मंदावण्याआधीच चढतो, त्यामुळे घरच्यांच्या आठवणीत आणि मृत्यूच्या नोंदीत 'बीपी' एवढेच उरते.

हा दोष 'प्रभावी' (डॉमिनंट) पद्धतीने पुढच्या पिढीत उतरतो, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असला, तर मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एक रुग्ण सापडला की त्याच्या भावंडांकडे पाहावेच लागते, विशेषतः त्यांच्यापैकी कुणी किडनी द्यायला पुढे आले असेल तर. त्यातही वयाचे भान हवे. अशा घरातल्या चाळिशी उलटलेल्या भावाची सोनोग्राफी स्वच्छ आली, तर आजार जवळपास नाकारता येतो. विशीतल्या भाच्याचा तसाच स्वच्छ अहवाल मात्र तेवढी हमी देत नाही, कारण गाठी अजून दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतील. त्याला हजारातल्या एकात धरायचे की उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांत, हे केवळ त्या अहवालावरून ठरत नाही.