मेंदूची दोन रंगीत चित्रं: फंक्शनल आणि डिफ्युजन एमआरआय

मेंदूसंशोधनाच्या बातमीला बहुतेक वेळा दोनपैकी एक चित्र लावलेलं असतं. एकात करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके, दुसऱ्यात लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांचा गुंता. दोन्ही एकाच यंत्रातून निघतात, म्हणून दोन्हींना सरसकट ‘मेंदूचा एमआरआय’ म्हटलं जातं. पण पहिल्यात, म्हणजे फंक्शनलमध्ये, मोजलेलं असतं रक्त; दुसऱ्यात, म्हणजे डिफ्युजनमध्ये, पाणी. रंग दोन्हीकडे संगणकाने मागून भरलेले.

मेंदू म्हणजे रावेर-यावलकडची केळीबाग समजा. तिच्यात ठिबकच्या नळ्या कशा अंथरल्यात, ते डिफ्युजन सांगतं. आत्ता कोणत्या ओळीत पाणी जास्त चाललंय, ते फंक्शनल.

फंक्शनलचं आधी उरकतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाजवळ वेगळं वागतं, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. त्याच फरकावरून मेंदूची हालचाल टिपता येईल, हे सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडलं. म्हणजे दिसतो तो विचार नव्हे, विचारामागून पाचेक सेकंदांनी पोचलेला रक्ताचा लोंढा. शिवाय हजारो ठिपक्यांची गणितं एकदम होतात. सांख्यिकीत ढिलाई केली की काहीही ‘पेटतं’. २००९ मध्ये काही संशोधकांनी चक्क मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून, त्याला माणसांचे फोटो दाखवून, त्याच्याही मेंदूत ठिपके मिळवून दाखवले! ‘स्कॅनवरून मन वाचतो’ म्हणणाऱ्याला हा मासा जरूर सांगावा.

डिफ्युजनचं तसं नाही. ते प्रयोगशाळेतून निघून थेट जळगाव-धुळ्याच्या रिपोर्टात येऊन बसलंय. लकवा मारलेल्या पेशंटच्या रिपोर्टात ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन’ असे शब्द दिसतात, ते हेच. रक्त तुटलं की पेशींचे पंप बंद पडतात, पेशी फुगतात, आतलं पाणी अडकतं. पाण्याचे रेणू जिथे मोकळे फिरू शकत नाहीत, ती जागा पांढरी दिसते, आणि सोबतच्या एडीसी नकाशावर (पाणी कुठे किती मोकळं फिरतं, याचा हिशेब मांडलेलं चित्र) तीच काळी. नुसतं पांढरं बघून रेडिओलॉजिस्ट निकाल देत नाही. दोन्ही जुळावं लागतं. हा बदल काही मिनिटांत दिसू लागतो, सीटी मात्र पहिले काही तास साफ दिसू शकतो. तरी पहिला सीटी काढतात तो रक्तस्राव नाही ना, हे पाहायला; त्यात वावगं काही नाही.

खान्देशात खरा घोळ वेळेचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं, आणि धडगावहून सातपुड्याचा घाट उतरेपर्यंतच बराच वेळ गेलेला. त्यात माणूस रात्री धडधाकट झोपला नि सकाळी हात उचलेना, तर घड्याळ कधीपासून लावायचं? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीने यावर वाट दाखवली: डिफ्युजनवर डाग आहे, पण फ्लेअर या एमआरआयच्याच आणखी एका प्रकारच्या चित्रात अजून उमटलेला नाही, म्हणजे झटका बहुधा ताजाच. अशा निवडक पेशंटना इंजेक्शनचा फायदा झाला, मात्र मेंदूत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढलेला दिसला.

रंगीत धागे ही याच तंत्राची पुढची पायरी. मज्जातंतूंच्या जुडग्यात पाणी आडवं कमी, लांबीच्या दिशेने जास्त सरकतं. त्यावरून १९९४ मध्ये बासर, मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी दिशेचं गणित बसवलं. लाल म्हणजे डावी-उजवी, हिरवा पुढे-मागे, निळा वर-खाली. धागे संगणकाने अंदाजाने ओढलेले असतात. जुडगी एकमेकांना छेदतात तिथे नसलेले रस्तेही काढले जातात. आणि संदेश या टोकाकडून त्या टोकाला जातो की उलट, हे त्यातून कळत नाही.

भाषेच्या भागाजवळची गाठ काढायची असेल तर सर्जन दोन्ही चित्रं एकावर एक ठेवतात: फंक्शनलने शब्दांची जागा, डिफ्युजनने तिथून निघणारी वाट. फंक्शनलसाठी पेशंटला यंत्रात मनातल्या मनात शब्द आठवायला सांगतात. पेशंट घरी अहिराणी बोलणारा असेल, तर तो सराव अहिराणीतही घ्यायला हवा असं माझं मत. नुसत्या प्रमाण मराठीवर भागवू नये.