डाळ शिजत नाही तिथं विमानाचं काय होत असेल

आमच्या खानापूर भागात फौजी नसलेलं गाव शोधायला लागतं. माझा एक चुलतभाऊ दोन वर्षं लेहला होता, फोन आला की पहिली तक्रार ठरलेली, "अक्का, कुकर नसला की डाळ शिजतच नाही बघ इथं". लेह साधारण 3,500 मीटरवर, हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी 88 अंशाच्या आसपासच उकळतं, मग खाली गॅस कितीबी मोठा करा, पाणी त्याच्यापुढं तापत नाही.

आता चीनचं बघा. 2025 चं त्यांचं जाहीर लष्करी बजेट 1.78 लाख कोटी युआन, फुजियान ही तिसरी विमानवाहू नौका पण आली, आणि इकडं कट्ट्यावर चीनशी लढाईचा विषय निघाला की दोनच सूर, एक म्हणतो आता संपलं, दुसरा म्हणतो एका दिवसात लोळवू. दोघंबी हवेचा विचारच करत नाहीत!

तिबेटात नगारी गुन्साचा विमानतळ 4,274 मीटरवर आहे. तिथं हवेची घनता समुद्रसपाटीच्या 65 टक्क्यांच्या आसपास. पंखाला वर उचलणारा जोर घनतेवर चालतो, म्हणजे तेवढंच वजन घेऊन उडायचं तर वेग जवळपास पावपट जास्त पाहिजे, आणि इंजिनाला हवाच कमी मिळाली की तेबी दमतं. मग धावपट्टी केली साडेचार किलोमीटरची, आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या जवळपास दुप्पट, तरी लढाऊ विमानाला इंधन नाहीतर शस्त्रं कमी करूनच उडावं लागतं. आपले तेजपूर, हासिमारा, अंबाला हे हवाई तळ सखल भागात, तिथनं विमान भरून उडतं (लेहला मात्र आपलीबी तीच बोंब). म्हणूनबी चीनचा भर क्षेपणास्त्रांवर, कारण रॉकेट जाळायला लागणारा ऑक्सिजन रसायनातनं सोबतच नेतं, हवा विरळ असली तर उलट अडथळा कमी.

पण मला खरी भारी वाटते ती त्यांची तिबेटची रेल्वे. गोलमुड ते ल्हासा 1,142 किलोमीटर, 2006 ला सुरू झाली, त्यातला जवळपास निम्मा मार्ग कायम गोठलेल्या जमिनीवर. जमिनीतला बर्फ वितळला की रूळ खचणार. मग रुळाच्या कडेनं जमिनीत बंद नळ्या रोवल्या, आत अमोनिया. हिवाळ्यात जमिनीच्या उष्णतेनं तो उकळून वर जातो, बाहेरच्या थंडीत परत पातळ होऊन खाली ओघळतो, वर जाताना जमिनीची उष्णता घेऊन जातो. उन्हाळ्यात वरची बाजू गरम म्हणून हे आपोआप बंद. ना मोटर ना लाईट! पुढं हीच लाईन 2014 ला शिगात्सेला गेली, 2021 ला ल्हासाहून न्यिंगचीला, म्हणजे अरुणाचलच्या पलीकडं.

रूळ आले म्हणजे रणगाडे आणि सिमेंट दिवसांत पोचतात, आणि पलीकडं रस्ता झाला की अलीकडं झोप उडते. जून 2020 ला गलवानमध्ये आपले 20 जवान गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेहच्या वाटेवरचा अटल बोगदा उघडला, 2024 ला अरुणाचलातला सेला बोगदा. आपला बोगदा त्यांना धमकी वाटतो, त्यांचा रूळ आपल्याला, दोघंबी म्हणणार आम्ही फक्त बचाव करतोय. हे चक्र थांबवायचं तंत्र अजून कुणाकडं दिसत नाही.

माणसाचं शरीर मात्र रेल्वेच्या वेगानं चढत नाही. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरची पोरं पहाटे धावतात ती साडेसातशे मीटरवर. आपल्या लष्कराचा नियम असा, 9,000 फुटांवर गेलं की सहा दिवस थांबायचं, 12,000 ला चार, 15,000 ला आणखी चार, असे चौदा दिवस. घाई केली तर फुप्फुसात पाणी भरतं, चांगला पैलवान गडी मरू शकतो. मूत्रपिंडातनं निघालेल्या हार्मोनमुळं तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. चिनी सैनिकबी बहुतेक सखल भागातनंच येतात, म्हणून त्यांनी बराकीत ऑक्सिजन सोडलाय, झोप चांगली लागते म्हणे. पहाऱ्याला मात्र दार उघडून बाहेरच यायला लागतं.