महानायकाचा वसा

चित्रकथांतील किंवा चित्रपटांतील एखाद्या महानायकाचे नाव, पोशाख आणि काम त्याच कथाविश्वातल्या दुसऱ्या पात्राने पुढे चालवणे, याला या नोंदीत ‘महानायकाचा वसा’ म्हटले आहे. मूळ नायक मरतो, थकतो, अपात्र ठरतो किंवा आपण होऊन बाजूला होतो आणि त्याच्या जागी नवा माणूस उभा राहतो. तो वेगळ्या वंशाचा, वेगळ्या धर्माचा असला किंवा ती स्त्री असली की वाचकांत वाद पेटतो. नट बदलणे हा प्रकार निराळा. जेम्स बाँडची भूमिका कितीही नटांनी केली तरी बाँड तोच राहतो. इथे माणूसच बदलतो, आणि आधीच्याची आठवण कथेतल्या सगळ्यांना असते.

एरवी यासाठी ‘वारसा’ हा शब्द वापरतात. पण वारसा रक्ताने मिळतो आणि सातबाऱ्यावर चढतो. वसा मागून घ्यावा लागतो. श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीत वसा मिळतो तो नावडत्या सुनेला. घरात तिला उष्टे जेवण आणि जाडेभरडे कपडे, पण रानात भेटलेल्या नागकन्या-देवकन्या तिला कुळ विचारत नाहीत. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, एवढीच त्यांची अट. महानायकांवरचा सगळा वाद ‘हा वारसा की वसा’ या एका प्रश्नाभोवती फिरतो.

वेताळाचे घराणे

कोकणाला वेताळ हे नाव परके नाही. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला श्री देव वेतोबाचे देऊळ आहे. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात असे भाविक सांगतात. अमेरिकन लेखक ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रात अवतरला. पुढे इंद्रजाल कॉमिक्सने (१९६४ ते १९९०) त्याला आपल्याकडे आणले आणि मराठीत त्याचे नाव ‘वेताळ’ झाले. मे महिन्यात चाकरमान्यांच्या सामानातून हे अंक आमच्या गावात पोचत, आणि आम्हा पोरांना दोन्ही वेताळ एकाच घराण्यातले वाटत. एक रानाचा राखणदार, दुसरा गावाचा.

फँटमच्या कथेत १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी आणि अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. तीच शपथ त्याचा मुलगा घेतो, मग नातू. कथेचा नायक हा एकविसावा. मुखवटा तोच असल्यामुळे रानातल्या लोकांना तो अमर वाटतो. म्हणजे महानायक बदलतो ही कल्पना वाचकांना पहिल्यापासून ठाऊक होती आणि तिच्यावर कोणी रुसले नव्हते. शपथ खरी वशाची, पण ती घेण्याचा हक्क मात्र एकाच गोऱ्या घराण्याचा. त्या रानातल्या बांदार टोळीतला गुर्रन हा फँटमचा लहानपणापासूनचा सोबती. रान त्याचे, वाटा त्याच्या, तरी कवटीवर हात ठेवण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. लहानपणी हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही, आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न एवढा चिवट का आहे याचे उत्तर मला त्यातच दिसते. जे कायम तसेच दाखवले जाते ते नैसर्गिक वाटू लागते. या मालिकेत एकविसाव्या फँटमला पुढे किट आणि हेलॉईज अशी जुळी मुले झाली, त्यामुळे मुखवटा मुलाचाच का, हे घरातच विचारता येऊ लागले.

सोंग आणि मान

एकच भूमिका वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर पाहण्याची सवय कोकणी प्रेक्षकाला दशावताराने लावली आहे. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळापुढे चालणाऱ्या या खेळाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, संवाद नट जागच्या जागी रचतो, चेहरा स्वतःचा स्वतः रंगवतो. आधी आड दशावतार: गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, मग संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. नंतर आख्यान लागते. गेल्या वर्षीचा राजपार्टी, म्हणजे राजाचे काम करणारा नट, दुसऱ्या मंडळात गेला की त्याची जागा नवा घेतो. लोक कुरकुरतात, जुन्याची चाल आणि जुन्याचा आवाज आठवतात, आणि तरी पहाटेपर्यंत बसून राहतात. ‘सोंग’ हा शब्द इथे तुच्छतेने वापरत नाहीत. सोंग रंगले, म्हणतात.

पण सोंग कोणालाही मिळत नाही. द्रौपदी आणि तारामती पिढ्यान् पिढ्या पुरुषांनीच उभ्या केल्या. त्यांतले काही स्त्रीपार्टी नट इतके सुंदर काम करतात की बायका त्यांच्या पदराची तऱ्हा न्याहाळत बसतात. स्त्रियांनी दशावतार करणे ही अलीकडची गोष्ट, आणि तिच्यावरही ‘परंपरेत बसत नाही’ हाच आक्षेप येतो. परंपरेने पुरुषाला बाई होऊ दिले, हे आक्षेप घेणारे लक्षात घेत नाहीत.

प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे समजायला गावऱ्हाटी, म्हणजे गावाच्या देवकार्याची रूढ व्यवस्था, जास्त उपयोगी पडते. तिथे त्याला ‘मान’ म्हणतात. पहिला नारळ कोणाचा, शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे ठरलेले असते आणि त्यावरून गावे वर्षानुवर्षे भांडतात. शहरातल्या माणसाला ही भांडणे क्षुल्लक वाटतात. ज्याच्या घराने पालखी कायम दुरूनच पाहिली, त्याला ती तशी वाटत नाहीत.

अमेरिकेतला वाद

ग्रीन लँटर्नच्या कथेत जॉन स्टुअर्ट हा कृष्णवर्णीय वास्तुविशारद १९७१ च्या अखेरीस आला, तो तेव्हाचा ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डन याचा बदली म्हणून. आयर्न मॅनचे चिलखत १९८३ मध्ये काही काळ टोनी स्टार्कऐवजी त्याचा कृष्णवर्णीय मित्र जेम्स ऱ्होड्स याने घातले. २००१ मध्ये सुरू झालेल्या जस्टिस लीग या सचेतपट (अ‍ॅनिमेशन) मालिकेत जॉन स्टुअर्टलाच घेतले गेले, त्यामुळे त्या वयाच्या असंख्य मुलांचा पहिला ग्रीन लँटर्न तोच. कोणता नायक ‘मूळ’, हे बऱ्याचदा वाचकाच्या जन्मसालावर ठरते.

खरा भडका २०११ नंतर उडाला. त्या वर्षी मार्व्हल या चित्रकथा कंपनीच्या ‘अल्टिमेट’ या वेगळ्या कथाविश्वात पीटर पार्करचा मृत्यू दाखवला आणि स्पायडर-मॅनचा पोशाख माइल्स मोरालेसने घातला. कृष्णवर्णीय बाप आणि पोर्तो रिकोची आई यांचा हा मुलगा ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी घडवला. २०१४ मध्ये कमला खान मिस मार्व्हल झाली, सॅम विल्सन कॅप्टन अमेरिका झाला आणि जेन फॉस्टरने थॉरचा हातोडा उचलला. २०१६ मध्ये आयर्न मॅनच्या जागी रीरी विल्यम्स आली.

विरोध करणारे सगळे द्वेषापोटी बोलत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या पात्राबरोबर माणूस लहानाचा मोठा झाला ते काढून घेतल्याचे दुःख खरे असते. थॉरबद्दलचा आक्षेप तर रास्त होता: थॉर हे पद नाही, एका देवाचे नाव आहे. मात्र जो लायक असेल त्याला थॉरची शक्ती मिळेल, हे हातोड्यावरच कोरलेले आहे. म्हणजे कथेने वशाची अट फार आधी घालून ठेवली होती. जेनला कर्करोग असतो आणि दर वेळी हातोडा उचलला की केमोथेरपीचे औषध अंगातून धुतले जाते. ती मरणाच्या जवळ जाते आणि तरी उचलते. घेतला वसा टाकू नये याचे इतके थेट चित्र मला दुसरे आठवत नाही.

कमलाची कथा याहून बारीक विणलेली आहे. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी वंशाच्या घरातली ही मुलगी. शक्ती मिळते त्या क्षणी ती तिच्या आवडत्या, आधीची मिस मार्व्हल असलेल्या कॅरल डॅनव्हर्ससारखी सोनेरी केसांची, गोरी होते, कारण नायिका म्हणजे तसेच दिसणे हे तिच्या मनात बसलेले असते. मग कळते की ते रूप तिला सोसत नाही. ती स्वतःच्या चेहऱ्याने लढू लागते आणि बुर्किनीतून, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखातून, स्वतःचा पोशाख बेतते. संपादक सना अमानत यांना ते घर आतून माहीत होते आणि लेखन जी. विलो विल्सन यांचे होते; मालिकेच्या पहिल्या संग्रहाला विज्ञानकथांसाठीचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसवर लागलेल्या मुस्लिमविरोधी जाहिरातींवर कोणीतरी कमलाची चित्रे चिकटवली.

नवा चेहरा हवा तर नवा नायक निर्माण करा, जुन्याचे नाव कशाला, असे नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर बरेचसे बाजारात आहे. अमेरिकेत चित्रकथांची दुकाने माल आगाऊ मागवतात आणि न विकलेला माल सहसा परत जात नाही, त्यामुळे दुकानदार ओळखीच्या नावावरच पैसे लावतो. शिवाय मोठ्या कंपनीसाठी रचलेल्या पात्राची मालकी कंपनीकडे जाते, म्हणून अनेक लेखक आपली नवी पात्रे तिला द्यायला कचरतात. २०१७ मध्ये मार्व्हलच्या विक्री विभागाचे डेव्हिड गेब्रियल यांनी वाचकांना आणखी विविधता नको आहे असे दुकानदारांकडून ऐकल्याचे सांगितले आणि मोठा गहजब झाला. नंतर त्यांनी खुलासाही केला.

या साऱ्यात माझी तक्रार वेगळी आहे. सॅमकडे कॅप्टन अमेरिकाची ढाल आली आणि २०१६ मध्ये स्टीव्ह रॉजर्स पुन्हा कॅप्टन अमेरिका झाला. जेनचे थॉरपण २०१८ मध्ये संपले. दोनचार वर्षांनी परत घ्यायचेच, हे देणाऱ्याने आधीच ठरवलेले असेल तर तो मान नाही, उसनवारी आहे. माइल्स टिकला कारण त्याला रोज नव्या गोष्टी मिळत गेल्या. २०१८ च्या त्याच्या सचेतपटाने ऑस्कर मिळवले.

मान नाकारण्याचीही एक बाजू आहे. २००३ च्या एका चित्रकथेत आयझाया ब्रॅडली हा कृष्णवर्णीय सैनिक येतो, ज्याच्यावर अमेरिकी सैन्याने महासैनिक बनवण्याचे प्रयोग केले. २०२१ च्या पडद्यावरच्या मालिकेत म्हातारा झालेला आयझाया सॅमला ढालीपासून दूर राहायला सांगतो. ज्या झेंड्याने आपल्याला तुरुंगात टाकले तो अंगावर का घालावा, हा त्याचा प्रश्न. सॅम ढाल घेतो, पण आयझायाला निरुत्तर करू शकत नाही, आणि मालिकेतला हाच भाग सर्वांत सच्चा उतरला आहे.

लेखणी कोणाच्या हाती, हाही वादाचाच भाग. २०१७ मध्ये मार्व्हलचे मुख्य संपादक झालेले गोरे अमेरिकन सी. बी. सेबुल्स्की यांनी पूर्वी ‘अकिरा योशिदा’ या जपानी नावाने लेखन केल्याचे कबूल केले. याउलट कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथीच्या पोथ्या ठाकर आदिवासी समाजाने सांभाळल्या. सुट्या चित्रांच्या आधारे रामायण-महाभारत सांगणारी ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रांतले राजे कोणाच्या तोंडून बोलतात, हे पिंगुळीत निदान समोर दिसते.

भारतीय कोळी

२००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी स्पायडर-मॅनची भारतीय आवृत्ती काढली. इथे पोशाख कोणी कोणाला देत नाही. अख्खी गोष्टच नव्या मातीत लावली आहे. पवित्र प्रभाकर हा शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला खेड्यातला मुलगा, माया मावशी आणि भीम काका यांच्याकडे राहणारा. पीटर पार्करला वाकवून केलेले त्याचे नाव मराठी कानाला खटकते, आणि मुंबईच्या इमारतींवरून धोतर नेसून उड्या मारणे हे परदेशी खरेदीदारासाठी रंगवलेले वाटते. २०२३ मध्ये तो सचेतपटात आला तेव्हा केस, चाल, बोलणे सगळे बदलले होते. तो चित्रपट भारतात मराठीसह १० भाषांत लागला. तरी २००४ च्या अंकांतली एक गोष्ट कोकणातल्या वाचकाला ओळखीची वाटते. गाव सोडून, मुंबईत नातेवाइकांच्या खोलीत अंथरुणापुरती जागा घेऊन शिकलेला कोणी ना कोणी इथल्या जवळजवळ प्रत्येक वाडीत आहे.