अकबराचं चिलखत आणि ताशी १४० चा चेंडू

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं चिलखत आहे. मे महिन्यात सहावीतल्या भाच्याला ते दाखवायला नेलं, तर सोन्याची नक्षी राहिली बाजूला, काचेला नाक लावून त्याने विचारलं, "मावशी, बाण मारला तर आत जाईल का गं?" मी चटकन "नाही" म्हणाले. पुढचा प्रश्न अर्थातच "का नाही?" आणि त्याला अंदाजपंचे उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून आम्ही मापायचं ठरवलं.

ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी सरावाचं फायबरचं धनुष्य दिलं. दोरीच्या मध्याला हुकाचा ताणकाटा अडकवला आणि दर दहा सेंटीमीटरला थांबून आकडा वाचला: ३ किलो, साडेपाच, ८, १०, आणि पूर्ण ५० सेंटीमीटर ओढल्यावर १२. भाच्याने चौकटीच्या वहीत आलेख काढला. त्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा, आमच्या हिशेबाने सुमारे ३२ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप). म्हणजे नुसता ओढायचा जोर सांगून भागत नाही, किती अंतर ओढलं तेही तितकंच मोजावं लागतं.

मग मोबाइल बाजूला ठेवून सेकंदाला २४० चित्रं टिपणारा व्हिडिओ घेतला. लक्ष्य दहा मीटरवर. दोरी सुटल्यापासून बाण रुतेपर्यंत ६१ चित्रं झाली, म्हणजे वेग सेकंदाला साधारण ३९ मीटर. बाण २५ ग्रॅमचा, तेव्हा त्याच्यात ऊर्जा १९ ज्यूल. उरलेले १३ ज्यूल कुठे गेले? ते धनुष्य धरलेल्या हाताला कळतं. बाण सुटला तरी धनुष्याचे बाहू आणि दोरी जोरात पुढे येऊन थरथरत राहतात. ती थरथर म्हणजे बाणाला न मिळालेली ऊर्जा. बाण जड असला की बाहू सावकाश मिटतात, त्यांच्यात कमी ऊर्जा अडकते आणि बाणाचा वाटा वाढतो. चिलखतावर मारायचे बाण जड करत, त्यामागे हेही कारण आहे.

आता युद्धातलं धनुष्य. इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यात 'यू' नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभराहून जास्त धनुष्यं आणि हजारो बाण सापडले. धनुष्यांच्या जाडीवरून त्यांचा जोर काढता येतो, आणि त्यांतली बरीचशी १०० ते १८० पौंडांच्या दरम्यान भरतात. १६० पौंड म्हणजे ७२ किलो, सिमेंटची जवळजवळ दीड गोण, आणि तीही एका हाताने कानापर्यंत ओढायची! अशा धनुष्यातून ८० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५५ मीटर वेगाने सुटतो. हिशेब करा: सुमारे १२० ज्यूल.

हा आकडा ऐकून भाच्याचा हिरमोड झाला. बारा लिटरची भरलेली बादली मीटरभर उचलायला तेवढीच ऊर्जा लागते. तेव्हा त्याला शिवाजी पार्कवर नेलं. लेदरचा चेंडू १६० ग्रॅमचा. एखाद्या वेगवान गोलंदाजाने तो ताशी १४० किलोमीटरने टाकला तर त्यातली ऊर्जासुद्धा जवळपास बरोब्बर १२० ज्यूल! चेंडूने बरगडी मोडू शकते, पण तो अंगात शिरत नाही, कारण त्याचा मार तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. बाणाचा मार टोकाच्या काही चौरस मिलिमीटरवर एकवटतो. ऊर्जा तीच, जागा वेगळी.

चिलखताच्या पत्र्याचा प्रश्न इथून सुरू होतो. चिलखतांच्या धातूचा अभ्यास करणाऱ्या ॲलन विल्यम्स यांच्या मापांनुसार आजच्या साध्या पोलादाचा १ मिलिमीटर पत्रा भेदायला बाणाला ५५ ज्यूल पुरतात, पण २ मिलिमीटरला १७५ आणि ३ मिलिमीटरला ३०० लागतात. जाडी दुप्पट केली की खर्च तिप्पट होतो. आपले १२० ज्यूल १ आणि २ मिलिमीटरच्या मधे कुठेतरी संपतात. जुनं लोखंड मात्र एकसारखं नसे. भट्टीतली मळी आत राहिलेला स्वस्त पत्रा निम्म्या ऊर्जेतही फाटतो. उत्तम, पाणी दिलेलं, म्हणजे तापवून चटकन थंड केलेलं पोलाद भेदायला दीडपट ऊर्जा लागते. त्यामुळे एकाच धनुष्याचा बाण दोन मिलिमीटरच्या स्वस्त पत्र्यातून साध्या शिपायाला लागेल आणि तेवढ्याच जाडीचं पोलाद घातलेल्या सरदाराच्या छातीवरून परतेल. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: बाण जाईल की नाही हे धनुष्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, लोहाराच्या भट्टीत ठरत होतं.

शिवाय पत्रा कललेला असतो. ६० अंशांनी तिरपा आलेल्या बाणाला दुप्पट जाडी कापावी लागते, आणि बरेचदा तो घसरूनच जातो. छातीचा पत्रा फुगीर ठोकायचा तो दिसायला नव्हे. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये काही कारागिरांनी आणि अभ्यासकांनी १६० पौंडी धनुष्याने २५ मीटरवरून अशा फुगीर छातीपत्र्याच्या प्रतिकृतीवर बाण मारले. पत्र्याचा मधला भाग अडीच मिलिमीटरचा होता. एकही बाण आत गेला नाही. पण बाणांच्या ठिकऱ्या उडून गळ्याकडे सरकल्या. काही जुन्या चिलखतांवर मानेखाली उभारलेली इंग्रजी 'व्ही'सारखी पट्टी का असे, ते तेव्हा डोळ्यांना दिसलं. पत्र्याखाली लोंबणाऱ्या कड्यांच्या जाळीतून मात्र बाण आरपार गेला.

अकबराच्या काळी समोरून येणारा बाण वेगळ्या धनुष्याचा असता. लाकडाला आतून शिंग, बाहेरून जनावराच्या कंडरा, आणि सगळं सरसाने जोडलेलं. आखूड, घोड्यावरून चालवता येणारं आणि ऊर्जा साठवण्यात फार तरबेज. सरस दमट हवेत मऊ पडतो, म्हणून मुंबईच्या जुलैत ते धनुष्य ढिलं पडलं असतं. आपल्याकडे अखंड पोलादाची धनुष्यंही घडवली जात. पोलादाचे बाहू जड, त्यामुळे बाण तितका वेगाने सुटत नाही, पण पावसाळाभर शस्त्रागारात पडून राहिलं तरी त्या धनुष्याचं काही बिघडत नाही.

भाच्याला अजून "नाही" पटलेलं नाही आणि ते बरोबरच आहे. पत्रा किती जाड, हे मोजता येईल. धातू कसा आहे, हे काचेतून दिसत नाही. पूर्वी त्यासाठी कडेचा कण कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागे. आता न्यूट्रॉनचा झोत वापरतात. तो पोलादात खोल शिरतो आणि कार्बन किती, मळी किती, हे ओरखडाही न उठवता सांगतो. असे झोत देणारी 'ध्रुव' अणुभट्टी संग्रहालयापासून फार लांब नाही, ट्रॉम्बेला आहे. भाच्याने वहीच्या शेवटच्या पानावर तिचं नाव लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारून.