उंची कुणाच्या वाट्याला? सात माणसांच्या घरासाठी एमपीव्ही की एसयूव्ही

नवरा-बायको, दोन मुलं, आजी-आजोबा आणि सणावाराला हमखास सोबत येणारी आत्या. अशा घरात मोठी गाडी घ्यायचं ठरलं की दोन तट पडतात. एकाला एसयूव्ही हवी असते, कारण ती उंच, दणकट आणि खड्ड्यांना पुरून उरणारी वाटते. दुसऱ्याला एमपीव्ही, म्हणजे इनोव्हासारखी आतल्या माणसांना जागा देणारी तीन रांगांची कुटुंबाची गाडी पटते, पण "ती तर टॅक्सी वाटते" एवढ्या एका वाक्यावर त्याचा आवाज खाली येतो. ज्या गाडीत पुढची दहा वर्षं घरातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात लहान माणसं बसणार आहेत, तिची निवड बाहेरून दिसणाऱ्या रूपावर व्हावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा प्रश्न बऱ्याच अंशी साध्या भूमितीचा आहे, आणि ती भूमिती शोरूममध्ये मेजरिंग टेप घेऊन कुणालाही तपासता येते.

जमिनीपासून टपापर्यंत दोन्ही प्रकारच्या गाड्या साधारण पावणेदोन मीटर उंच असतात. फरक आहे तो ही उंची कुठे खर्च केली यात. एसयूव्ही तिचा मोठा वाटा तळाखाली, चाकांसाठी आणि मोकळ्या जागेसाठी खर्च करते. एमपीव्ही तो वाटा आत बसणाऱ्यांना देते. घाटातला तोल, आजींचे गुडघे, मागच्या रांगेतल्या मुलाला लागणारी गाडी, डिकीत मावणाऱ्या बॅगा हे सगळं या एका वाटणीवर ठरतं.

हे समजून घ्यायला आपल्या रस्त्यांवर एक फार चांगली जोडी आहे. टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनर या दोन्ही गाड्या आयएमव्ही नावाच्या एकाच चॅसीच्या घराण्यातल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर क्रिस्टात २७५० मिलिमीटर, फॉर्च्युनरमध्ये २७४५. क्रिस्टाची उंची १७९५, फॉर्च्युनरची १८३५. बाहेरून पाहिलं तर फक्त चार सेंटिमीटरचा फरक. पण फॉर्च्युनरचा तळ जमिनीपासून जास्त वर आहे आणि त्याच्यासोबत आतली फरशीही वर सरकते. टप मात्र त्या प्रमाणात वर जात नाही. म्हणून शेवटच्या रांगेत मोठं माणूस बसलं की गुडघे छातीकडे येतात आणि मांड्या सीटवर टेकत नाहीत. क्रिस्टाच्या शेवटच्या रांगेत तेच माणूस बरंच सरळ बसू शकतं.

या दोन्ही गाड्या लॅडर फ्रेमवर उभ्या आहेत. खाली पोलादाचे दोन लांब दांडे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि वर बसवलेली बॉडी. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडाही तळाखालूनच जातो. या साऱ्याला जागा लागते आणि ती फरशीच्या उंचीतून वसूल होते. २०२२ च्या अखेरीस आलेल्या इनोव्हा हायक्रॉसने हा सांगाडाच सोडून दिला. तिची बॉडी स्वतःच सगळा भार पेलते आणि इंजिन पुढची चाकं फिरवतं. गाडीची लांबी क्रिस्टापेक्षा जेमतेम २० मिलिमीटर वाढली, पण चाकांमधलं अंतर १०० मिलिमीटरने वाढून २८५० झालं. म्हणजे जवळपास तेवढ्याच लांबीच्या गाडीत माणसांना दहा सेंटिमीटर जास्त मिळाले.

अमेरिकेतली मूळ मिनिव्हॅन, म्हणजे तिथली एमपीव्ही, याच विचारातून जन्मली. क्रायस्लरने १९८४ च्या मॉडेलसाठी डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर बाजारात आणल्या, त्या पुढची चाकं फिरवणाऱ्या साध्या मोटारीच्या यंत्रणेवर बेतून. मागे जाणारा दांडा नसल्यामुळे फरशी सपाट आणि खाली ठेवता आली. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधली मराठी कुटुंबं आज टोयोटा सिएना आणि होंडा ओडिसी या मिनिव्हॅन घेतात, त्यांना ही सोय आणखी ठळकपणे मिळते. तिथे बाजूला सरकणारी दारंही असतात. आपल्याकडे मोठ्या कुटुंबाच्या गाड्यांमध्ये अशी दारं फारच थोड्या ठिकाणी दिसतात आणि सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये त्यांची उणीव रोज जाणवते.

आता तोलाकडे येऊ. गाडी उलटण्याची शक्यता किती, याचा अंदाज देणारं एक सोपं गुणोत्तर आहे, त्याला स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर म्हणतात. डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर घ्यायचं आणि त्याला गुरुत्वमध्याच्या, म्हणजे गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात त्या बिंदूच्या, उंचीच्या दुपटीने भागायचं. गाडी जितकी रुंद आणि वजन जितकं खाली, तितका हा आकडा मोठा. साध्या मोटारींचा तो साधारण १.३ ते १.५ असतो, उंच गाड्यांचा १ ते १.३. अमेरिकेच्या रस्तेवाहतूक सुरक्षा यंत्रणेने २००१ पासून यावर तारे द्यायला सुरुवात केली. त्या मूळ मोजपट्टीत १.४५ किंवा त्याहून अधिक असेल तर पाच तारे, १.०४ किंवा त्याहून कमी असेल तर एकच.

समजा, एका उंच एसयूव्हीचं वजन १९०० किलो, बाजूच्या चाकांमधलं अंतर १.५४ मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर आहे. आकडा येतो १.१०. आता गणपतीला कोकणात निघताना शेवटच्या रांगेत माणसं बसली, डिकी भरली आणि उरलेलं ७५ किलो सामान टपावरच्या कॅरिअरवर बांधलं. हे वजन जमिनीपासून १.९ मीटरवर आहे. हिशेब केला की गुरुत्वमध्य साडेचार सेंटिमीटरने वर सरकतो आणि आकडा १.०३ वर येतो. पाऊणशे किलोने गाडी दोन ताऱ्यांवरून एका ताऱ्यावर आली. तेच सामान डिकीत, फरशीवर ठेवलं असतं तर गुरुत्वमध्य फारच थोडा वर सरकला असता. म्हणून तिन्ही रांगा वापरात असताना डिकीत किती जागा उरते, हा प्रश्न सोयीइतकाच सुरक्षिततेचाही आहे. माहितीपत्रकात डिकीचा मोठा आकडा बऱ्याचदा शेवटची रांग दुमडून दिलेला असतो. रांग उघडी असतानाचा आकडा विचारून घ्या, आणि शक्य असेल तर घरातल्या दोन बॅगा शोरूममध्ये नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहा.

कोरड्या, सपाट डांबरावर गाडी सहसा उलटण्याआधी घसरते, कारण टायरची पकड तेवढी नसते. धोका असतो तो घसरणारं चाक कशाला तरी अडण्याचा: खचलेली साइडपट्टी, दुभाजकाची कड, मऊ माती. एकाच गाडीच्या उलटण्याच्या बहुतेक अपघातांत असंच घडतं. इथे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल जीव वाचवतं. गाडी वळणाबाहेर घसरू लागली की ही यंत्रणा एखाद्या चाकाला स्वतः ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. अमेरिकी यंत्रणेच्या अंदाजानुसार तिच्यामुळे एसयूव्हींचे एकट्या गाडीचे अपघात ५९ टक्क्यांनी आणि साध्या मोटारींचे ३४ टक्क्यांनी कमी होतात. उंच गाडीला तिचा फायदा जास्त होतो तो याच भूमितीमुळे. सनरूफ नसलं तरी चालेल, पण आपण घेतोय त्याच व्हेरियंटमध्ये ही यंत्रणा आहे याची खात्री केल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.

शेवटच्या रांगेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मुलं तिथेच ढकलली जातात. मागचं चाक स्पीडब्रेकरवर चढलं की मागच्या अ‍ॅक्सलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, वर बसलेला माणूस त्या चाकासोबत जवळजवळ पूर्ण उचलला जातो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसलेला निम्माच उचलला जातो. अ‍ॅक्सलच्याही मागे बसलेल्याला तर चाकापेक्षा जास्त धक्का बसतो. चाकांमधलं अंतर वाढलं की शेवटची रांग अ‍ॅक्सलच्या तुलनेत पुढे आणता येते. हायक्रॉसच्या त्या दहा सेंटिमीटरचं मोल इथे आहे.

गाडी लागण्याचं कारण मात्र थोडं वेगळं. आपल्या शरीराला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पाचेक सेकंदांना एक, अशा संथ हेलकाव्यांचा. आंबोली किंवा वरंधा घाटातली एकामागून एक वळणं आणि अधूनमधून दाबलेला ब्रेक नेमके तसलेच हेलकावे देतात. कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांसमोर असते पुढच्या सीटची पाठ, म्हणजे स्थिर वस्तू. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. समोरचा रस्ता दिसला तर ती कमी होते. काही एसयूव्हींत मागची खिडकी वर चढत जाऊन निमुळती होते. दिसायला ती छान, पण आत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला बाहेरचं काहीच दिसत नाही. एमपीव्हीत काच सहसा मोठी असते आणि तिची खालची कड खाली असते. ज्या मुलाला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत, पुढचा रस्ता दिसेल असं बसवा. आणि गाडी कोणतीही असो, घाटात चालवणाऱ्याचा उजवा पाय हलका हवा. हेलकावे बऱ्याच प्रमाणात त्याच्याच हातापायांतून येतात.

आजी-आजोबांसाठी दोन उंची मोजा: दाराच्या उंबऱ्याची आणि सीटची. सीट माणसाच्या कुल्ल्यांच्या उंचीच्या आसपास असेल तर नुसतं टेकून, पाय आत घेऊन बसता येतं. ती फार खाली असेल तर उतरताना गुडघ्यांवर जोर येतो, फार वर असेल तर चढावं लागतं. जिना चढताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. उंबरा जिन्याच्या पायरीहून खूपच उंच असेल तर नऊवारीतली आजी काय करेल, हे तिलाच शोरूममध्ये नेऊन पाहावं. ती दोन-तीनदा चढली-उतरली की निम्मा निर्णय तिथेच होतो.

उंच बोनेटचा एक धोका गाडीबाहेरच्या मुलांना असतो, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. समजा, चालवणाऱ्याचे डोळे १.४५ मीटरवर आहेत आणि त्यांच्यापासून १.६ मीटर पुढे बोनेटची कड १.१ मीटर उंच आहे. तर ९० सेंटिमीटर उंचीचं मूल बोनेटसमोर सुमारे ९० सेंटिमीटरपर्यंत उभं असलं तरी अजिबात दिसत नाही. बोनेट उतरतं, ९५ सेंटिमीटर उंच आणि डोळे १.३५ मीटरवर असतील, तर न दिसणारी पट्टी २० सेंटिमीटरच्या आसपास येते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १०० सेंटिमीटरहून उंच बोनेटच्या गाड्यांची धडक पादचाऱ्यासाठी जीवघेणी ठरण्याची शक्यता, ७५ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली.

मग एसयूव्ही घेऊच नये का? तसं नाही. गावच्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कच्चा, खाचखळग्यांचा असेल, पावसात ओढ्याच्या फरशीवरून जावं लागत असेल, तर तळाखालची मोकळी जागा खरंच उपयोगी पडते. लांब गाडीचं पोट उंच स्पीडब्रेकरवर घासतं, आणि सात माणसं बसलेली एमपीव्ही मागून दबते तेव्हा हा त्रास वाढतो. मात्र बाजारातल्या बहुतेक एसयूव्ही चारही चाकं फिरवत नाहीत, हे लक्षात असू द्या. आणि चारही चाकं फिरवणारी यंत्रणा चिखलातून निघायला मदत करते, ब्रेक लावताना गाडी लवकर थांबवत नाही. हवेचा विरोध दोन्हींना छळतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे समृद्धी महामार्गावर ८० ऐवजी १२० ने गेलात तर सव्वादोन पट होतो. रुंद आणि उंच एसयूव्हीला त्याची किंमत इंधनात थोडी जास्त मोजावी लागते.

घरात नियमितपणे सहा-सात जण प्रवास करत असतील तर माझं मत स्पष्टपणे एमपीव्हीच्या बाजूने आहे. चार-पाच जण आणि वाईट रस्ता असेल तर दोन रांगांची एसयूव्ही घ्या. अधूनमधून लागेल म्हणून घेतलेली तिसरी अरुंद रांग बहुतेक वर्षभर दुमडलेली राहते आणि लागते तेव्हा लहान मुलांच्या वाट्याला येते.

त्या रांगेत बसणाऱ्यालाही पट्टा लावायचाच. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळली तर पट्टा न लावलेलं मूल सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याच्या वेगाने पुढे फेकलं जातं. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला, ती गाडीही भारी किमतीची एसयूव्ही होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. भारत एनकॅप या आपल्याकडच्या धडक-चाचणीचे तारे पाहताना मोठ्यांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे वाचा. ते गाडीच्या प्रकारावर नाही, त्या-त्या मॉडेलवर ठरतात.

गाडी घरी आल्यावर चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. तिथे टायरच्या हवेचे सहसा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि तापते, आणि उन्हात, वेगात, पूर्ण भार असताना तिचे थर सुटू शकतात. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर या एसयूव्हीच्या अपघातांत फायरस्टोन टायरचे थर असेच सुटत होते, गाड्या उलटत होत्या, आणि मृतांची संख्या २७१ वर गेली. लांबच्या प्रवासाला निघण्याच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, पूर्ण भाराच्या आकड्याइतकी हवा भरून घ्या आणि स्टेपनीही तपासा.