लुक्स आणि लूमेन : उलटलेल्या भेदाची पार्श्वभूमी

एलईडी दिव्याच्या खोक्यावर वॅटच्या शेजारी ल्यूमेनचा आकडा छापलेला असतो, तर वाचनाच्या टेबलावर उजेड किती पडतो हे लक्समध्ये मोजतात. ही दोन्ही लॅटिनमधील प्रकाशवाचक नामे (मूळ उच्चार ‘लूमेन’ आणि ‘लुक्स’) एकाच मुळाची आहेत; चमकण्याचा अर्थ असलेला संस्कृत ‘रुच्’ धातूही त्याच कुळातला असल्याने आपली ‘रुची’ त्यांची लांबची नातलग ठरते.

रोमन काळात या दोन्ही शब्दांच्या अर्थांची सरमिसळ होती. ‘लुक्स’ हा मुख्यतः दिवसाचा उजेड, म्हणून ‘प्रीमा लूके’ म्हणजे उजाडताच. ‘लूमेन’ मात्र दिवा, डोळा आणि खिडकी यांनाही म्हणत. शेजाऱ्याने भिंत चढवून आपला उजेड अडवू नये, हा रोमन कायद्यातील हक्क याच शब्दाने सांगितला जाई. रक्तवाहिनीच्या आतल्या पोकळीला डॉक्टर आजही ल्यूमेन म्हणतात, ते या खिडकीच्या अर्थावरून.

काटेकोर भेद आला तो अरबीच्या वाटेने. बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो येथे इब्न सीना या अरबीत लिहिणाऱ्या तत्त्वज्ञ-वैद्याचे आत्म्याविषयीचे विवेचन लॅटिनमध्ये उतरवताना प्रकाशवाचक ‘दौ’ आणि ‘नूर’ या दोन अरबी शब्दांसाठी अनुक्रमे ‘लुक्स’ आणि ‘लूमेन’ योजले गेले. (एखाद्याचा ‘नूर’ पाहून बोलावे, असे आपण म्हणतो तोच हा नूर.) पुढे विद्यापीठांतील पंडितांनी हा भेद पक्का केला : सूर्याच्या ठायी असतो तो लुक्स, आणि त्यापासून निघून हवेसारख्या पारदर्शक माध्यमात पसरतो तो लूमेन. सर्वांनीच तो पाळला असे नाही, पण उगम आणि प्रसार यांना वेगळी नावे मिळाली, ही मोठीच सोय होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत-दिव्यांचे मोजमाप ठरवणाऱ्यांनी हेच शब्द उचलले, मात्र जुन्या भेदाकडे त्यांनी पाहिले असावे असे वाटत नाही. दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक ल्यूमेन झाले आणि पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे लक्स. एक चौरस मीटरवर एक ल्यूमेन समप्रमाणात पडला की एक लक्स. म्हणजे जो शब्द उगमाचा होता तो थेट टेबलावर येऊन पडला. नावे कोणतीही चालली असती हे खरे, पण मध्ययुगीन ग्रंथ वाचणाऱ्याला त्यामुळे आजही पानोपानी अडखळावे लागते. १९४८ मध्ये दीप्तितीव्रतेच्या, म्हणजे एखाद्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या प्रखरतेच्या, एककासाठी ‘कँडेला’ हे नाव मान्य झाले, तेव्हा असा घोळ झाला नाही : लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सरळ मेणबत्ती, आणि त्याचे मूळ आपल्या ‘चंद्र’ शब्दाचेच.