बैलगाडीतला उपग्रह आणि सुमात्राचं आकाश

गच्चीवर डिश बसवायला आलेल्या मुलाला शेजारचे काका सांगत होते, "अरे, जरा सरळ वर कर की. उपग्रह आपल्या डोक्यावर असतो ना?" मुलानं वाद घातला नाही. डिशचं तोंड आग्नेयेकडे वळवलं, नट आवळले आणि जिन्यातून ओरडला, "आला का सिग्नल?" आला होता.

डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि त्याच्या बरोब्बर खाली भारत नाही, हिंदी महासागर आहे. (वास्तुशास्त्रवाल्यांना आग्नेय कोपऱ्यात काय चालतं ते माहीत नाही, पण पुण्यातून या उपग्रहाकडे बघायचं तर आग्नेयच. त्याला शांतीबिंती करून उपयोग नाही.)

भारतावर स्थिर उभा राहणारा उपग्रह का नसतो? कल्पना करा, पुण्याच्या अक्षांशावरच फिरणारा उपग्रह सोडला. त्याच्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीच्या अक्षावर असेल, पण पृथ्वीच्या केंद्राच्या बरंच उत्तरेला. गुरुत्वाकर्षण मात्र ओढणार पृथ्वीच्या केंद्राकडे, म्हणजे थोडं दक्षिणेकडेही. उपग्रह लगेच दक्षिणेकडे घसरणार. म्हणून प्रत्येक कक्षेचं प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जातंच. कक्षा तिरकी असली तर उपग्रह रोज उत्तर-दक्षिण झुलतो. झुलायचं नसेल तर एकच जागा उरते, विषुववृत्ताच्या वर. आणि पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीशी, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांशी, वेग जुळायचा तर उंचीही एकच, ३५,७८६ किलोमीटर. एवढ्या मोठ्या आकाशात अशी एकच कडी, तिलाच भूस्थिर कक्षा म्हणतात. तिचा घेर सुमारे २ लाख ६५ हजार किलोमीटर, आणि अख्ख्या जगाला ती हवी.

आता विषुववृत्त ज्यांच्या अंगणातून जातं त्यांना काय वाटेल? ३ डिसेंबर १९७६ रोजी कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, युगांडा, काँगो, झाईर आणि इंडोनेशिया या देशांनी जाहीर केलं की आमच्या भूमीवरचा कडीचा तुकडा आमचा. तिथे कायमचा उपग्रह ठेवायचा तर आधी आमची परवानगी घ्या. १९६७ च्या अवकाश कराराचं दुसरं कलम सांगतं की अवकाशाचा कोणताही भाग सार्वभौमत्वाच्या दाव्यानं, वापरानं किंवा ताब्यानं कुणाचा होत नाही. (चंद्रावर एकरभर जमीन विकणाऱ्यांची सर्टिफिकिटं यासाठीच रद्दीच्या लायकीची.) यावर घोषणेचा युक्तिवाद असा, की अवकाश कुठे सुरू होतं हे त्या करारात लिहिलेलंच नाही. आणि ही कक्षा केवळ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे आहे, म्हणून ती अवकाशात मोडतच नाही.

मग कागदी लढाई जुंपली. करारावर सही करताना एखादा देश 'हे कलम आम्हाला या अर्थानं लागू धरू नका' असं लिहून देतो, त्याला रिझर्व्हेशन म्हणतात. आपल्या आरक्षणाशी त्याचा संबंध नाही. कडीवरच्या जागांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदांत विषुववृत्तीय देश आपला दावा राखून ठेवणारं निवेदन जोडत, आणि इतर देश लगेच उलट निवेदन जोडत, की बोगोटा घोषणेवर आधारलेले दावे या परिषदेला मान्य करता येणार नाहीत. हा पोरखेळ वाटतो, पण गप्प बसणं महागात पडू शकतं. १९६९ च्या व्हिएन्ना करारातला सर्वसाधारण नियम असा, की रिझर्व्हेशन कळवल्यावर बारा महिने हरकत घेतली नाही तर ते मान्य धरतात. कोलंबियानंही माघार घेतली नाही. १९९१ च्या तिच्या राज्यघटनेत भूस्थिर कक्षेचा तुकडा देशाच्या प्रदेशात मोजला आहे.

या देशांची तक्रार मला रास्त वाटते. जागा 'पहिला येईल त्याला' या पद्धतीनं जात होत्या, आणि गरीब देश रॉकेट बनवेपर्यंत कडी भरून गेली असती. पुढे १९८५ आणि १९८८ च्या परिषदांत प्रत्येक देशासाठी निदान एक जागा राखली गेली, त्यात या दबावाचाही वाटा होता. पण त्यांचं भौतिकशास्त्र लंगडं होतं.

कक्षा गुरुत्वाकर्षणामुळे आहे, कबूल. पण कुणाच्या? इतक्या उंचीवरून उपग्रहाला ओढते ती अख्खी पृथ्वी. तिच्यात कोलंबियाइतकाच अहिल्यानगरचा बेसॉल्टही आला. वर सूर्य-चंद्र आहेतच. त्यांच्या ओढीनं कक्षेचं प्रतल दरवर्षी पाऊण ते एक अंश कलतं. ते सरळ ठेवायला उपग्रहाला वर्षाला सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल इंधन जाळून करावा लागतो. दावाच करायचा तर चंद्रानंही करावा.

आणखी गंमत पुढे आहे. विषुववृत्त नीट गोल नाही. त्याची सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड त्रिज्या यांत सुमारे ७० मीटरचा फरक आहे. एवढ्याशा लंबगोलपणामुळे उपग्रहाला पूर्वेला किंवा पश्चिमेला बारीकसा धक्का सतत बसतो. धक्का पुढच्या दिशेनं बसला तर कक्षा उंचावते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि उपग्रह मागे पडतो. पुढे ढकलला म्हणून मागे गेला! याचा एकत्र परिणाम असा, की कडीवर दोन दऱ्या तयार होतात. एक ७५ अंश पूर्वेजवळ, दुसरी १०५ अंश पश्चिमेजवळ. इंधन संपलेले उपग्रह या दऱ्यांभोवती वर्षानुवर्षं हेलकावे खात राहतात. पूर्वेकडच्या दरीचं रेखावृत्त अहिल्यानगर जिल्ह्यातून जातं. दरी अर्थात तिथून थेट दक्षिणेला, हिंदी महासागरावर आहे.

बैलगाडीवर ठेवलेल्या इस्रोच्या 'ॲपल' उपग्रहाचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. गाडी गरिबीपोटी नव्हती. अँटेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा नको, म्हणून लाकडी गाडा. १९ जून १९८१ ला एरियन रॉकेटनं उडालेला ॲपल १०२ अंश पूर्वेला नेऊन ठेवला होता. तिथे खाली विषुववृत्त सुमात्रा बेटावरून जातं, म्हणजे इंडोनेशियातून. बोगोटा घोषणा तेव्हा जेमतेम साडेचार वर्षांची होती, आणि तिच्या हिशेबानं इस्रोला जकार्ताची परवानगी लागली असती. पण १०२ अंशांवर इंधन संपलेला उपग्रह तिथे राहतच नाही. सुमात्रा सोडून तो पश्चिमेला ७५ अंशांच्या दरीकडे निघतो. कोलंबियावर सोडून दिलेला निघतो पॅसिफिककडे.